पुन्हा तोच डंजन? जरा हिशेब करून बघा!

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची एक पिवळी कॅसेट मिळायची. तिच्यावर छापलेलं असायचं: ९९,९९,९९९ इन १. म्हणजे एका कॅसेटमध्ये एक कमी एक कोटी गेम! एकेका गेमला पाच मिनिटं द्यायची म्हटलं, तर पाच कोटी मिनिटं झाली. तास झाले ८ लाख ३३ हजार, दिवस झाले ३४ हजार ७२२ आणि वर्षं झाली पंच्याण्णव. तेही जेवण नाही, झोप नाही, शाळा नाही आणि लोडशेडिंग नाही असं धरून. पाळण्यातल्या बाळाच्या हातात रिमोट दिला, तर पंच्याण्णवाव्या वाढदिवसाला शेवटचा गेम संपायचा.

अर्थात ती शुद्ध थाप होती. आत दहा-वीस गेम, आणि तेच ते फिरवून फिरवून यादी भरलेली. कॉन्ट्रा, मग मारिओ, की पुन्हा कॉन्ट्रा. पण गंमत बघा, त्या थापाड्या कॅसेटचा एक कोटीचा आकडा आज आपल्याला लहान वाटणार आहे. खऱ्या गेममधले खरे आकडे त्याला कुठल्या कुठे मागे टाकतात. आणि तेही गेममधल्या सगळ्यात कंटाळवाण्या जागेत, म्हणजे डंजनमध्ये!

डंजन म्हणजे काय, हे सावनेरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जमिनीखाली बोगदे, अंधार, एकसारख्या भिंती, वळणावर वळण. वेस्टर्न कोलफील्ड्सची, म्हणजे वेकोलिची, इथली भूमिगत कोळसा खाण अशीच आहे. २०१६ च्या अखेरीस ती पर्यटकांसाठी खुली झाली आणि लोक हौसेनं डोक्याला दिवा लावून खाली उतरू लागले. रोल प्लेइंग गेममधला डंजन म्हणजे हीच खाण. फक्त कोळशाच्या जागी खजिना आणि वाटेत राक्षस. तोही एक संपवावा तर दहा पावलांवर दुसरा हजर.

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या कुठल्याही घरात दुपारी हा संवाद ऐकू येईल.

"काय करून राहिला रे?"

"गुहेत अडकलो ना मामा. चार पावलं चाललो की वटवाघूळ, चार पावलं चाललो की वटवाघूळ!"

"मंग कालई तर हेच खेळून राहिला होता तू?"

"काल थे चमकणारं नाही भेटलं ना!"

मामा कपाळाला हात लावतो. पण मामा, थांबा. ते चमकणारं म्हणजे काय, ते आधी बघू.

पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर हे गेम १९९९ साली जपानमध्ये आले. त्यात प्रत्येक प्राण्याचा एक वेगळ्या रंगाचा, चमकणारा भाऊ लपवलेला होता. तो समोर येण्याची शक्यता किती? ८,१९२ मध्ये एक! एकेका चकमकीला अर्धा मिनिट धरा. ८,१९२ चकमकी म्हणजे ६८ तास. आपली डेक्कन क्वीन मुंबई-पुणे अंतर सव्वातीन तासांच्या आतबाहेर कापते. म्हणजे गाडीत बसून एकवीस वेळा मुंबई-पुणे करायचं, खिडकीबाहेर बघायचं नाही आणि सबंध वेळ फक्त वटवाघळं हाकलायची.

बरं, इतकं करून ते भेटेलच? छे! ८,१९२ चकमकी झाल्यावरसुद्धा शंभरातले ३७ जण हात हलवत परत येतात. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांची खात्री हवी असेल, तर ३७ हजार ७०० चकमकी लागतात. तीनशे चौदा तास! डेक्कन क्वीनच्या शंभराच्या घरात फेऱ्या. रेल्वेनं मुंबई-पुणे १९२ किलोमीटर, म्हणजे तेवढ्यात १९ हजार किलोमीटर झाले. पृथ्वीची निम्मी प्रदक्षिणा, एका चमकत्या वटवाघळासाठी!

आणि हा डंजन जगात एकच होता. सगळ्यांना तोच, तीच वळणं, तेच जिने. आता जरा मोठ्या वाड्यात जाऊ.

१९९६ साली बेथेस्डा या अमेरिकी कंपनीनं 'डॅगरफॉल' नावाचा गेम काढला. एक सीडी, आपल्या पंजाएवढी. तिच्यातला मुलूख किती मोठा? खेळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला अंदाज आहे सुमारे १ लाख ६१ हजार चौरस किलोमीटर. हा आकडा ओळखीचा वाटतोय? वाटायला हवा. विदर्भ साधारण ९७ हजार चौरस किलोमीटर, मराठवाडा साधारण ६४ हजार. करा बेरीज! अख्खा विदर्भ आणि अख्खा मराठवाडा, गोंदियापासून धाराशिवपर्यंत, मेळघाटापासून किनवटपर्यंत, एका सीडीत! नागपूरसारखे सोळा जिल्हे त्यात आरामात बसतात.

त्या मुलखात शहरं, गावं, देवळं, स्मशानं आणि डंजन मिळून १५ हजारांहून जास्त ठिकाणं. रोज एक बघायचं ठरवलं तर एक्केचाळीस वर्षं. म्हणजे अठराव्या वर्षी नोकरीला लागल्याच्या दिवशी सुरुवात केली, तर निवृत्तीच्या निरोप समारंभाचा हार गळ्यात पडेपर्यंत रोज नवं गाव!

यातले डंजन चार हजारांच्या वर. आणि डॅगरफॉलचा डंजन ज्यानं खेळलाय, त्याच्यासमोर नुसतं नाव काढून बघा. त्याचा नकाशा उघडला की ताटात नूडल्स सांडल्यासारखा दिसतो. बोगदा बोगद्याच्या वरून जातो, खालून जातो, स्वतःलाच येऊन मिळतो. गेम सांगतो, आत एक पुस्तक आहे, घेऊन ये. कुठे आहे ते सांगत नाही. तासभर हिंडल्यावर दार सापडतं, तर ते आपण आलो तेच. गुप्त दरवाजे, वर-खाली जाणारे पाट, पाण्यात बुडालेली दालनं. अनुभवी खेळाडू आत शिरताना दाराशीच मंत्राची खूण सोडतात, म्हणजे कंटाळा आला की तोच मंत्र पुन्हा म्हणून थेट बाहेर.

एका डंजनला सरासरी तीन तास धरू. चार हजार डंजन म्हणजे बारा हजार तास. आता हे खाणीच्या भाषेत मांडा. आठ तासांची एक पाळी, म्हणजे दीड हजार पाळ्या. वर्षाला तीनशे पाळ्या भरल्या तरी पाच वर्षं. पाच वर्षं रोज जमिनीखाली! ना हजेरी, ना पगार, ना दिवाळीचा बोनस. आणि २००९ पासून हा गेम कंपनीनं फुकट करून टाकलाय, म्हणजे ही बिनपगारी भरती आजही चालूच आहे!

हे सगळं सीडीत मावलं कसं? ठरावीक दालनांचे ठोकळे बनवायचे आणि संगणकाला सांगायचं, जोड बाबा तुझ्या मनानं. मुख्य कथेतले डंजन तेवढे माणसांनी हातानं रचले. संगणकानं डंजन रचायची युक्ती त्याच्याही आधीची. १९८० च्या 'रोग' या गेममध्ये संगणक दर खेपेला नवा डंजन मांडायचा. मेलात की खेळ संपला, पुन्हा सुरू केलात की भिंती दुसऱ्याच! मात्र डॅगरफॉलनं चार हजार मांडून ठेवले आणि सीडीवर कोरून टाकले. आता पुढचा प्रश्न: दर वेळी नवा मांडणाऱ्या गेमकडे एकूण किती डंजन असतात?

धरून बसा. 'डायब्लो', सालही तेच, १९९६ अखेरचं. गावातल्या पडक्या चर्चखाली सोळा मजले: चार चर्चचे, चार भुयारांचे, चार गुहांचे, चार नरकाचे. नवा खेळ सुरू करताच गेम संगणकाच्या घड्याळाकडे बघतो आणि त्या सेकंदावरून सगळे मजले मांडतो. अगदी जन्मकुंडलीसारखं! दोन वाजून पाच मिनिटं दहा सेकंदांनी जन्मलेला डंजन वेगळा, अकराव्या सेकंदाला जन्मलेला वेगळा. एका सेकंदाचा फरक आणि राक्षसांचे सगळे ग्रह दुसऱ्या घरात.

या गेमच्या एका जुन्या विक्रमाचा २०२५ साली बोभाटा झाला. २००९ सालचा विक्रम, वेळ ३ मिनिटं १२ सेकंद. सोळा मजले, तीन मिनिटांत! गिनेस बुकातही तो गेला होता. काही चिकट गड्यांना संशय आला. त्यांनी काय करावं? जानेवारी १९७० पासून २०३८ च्या अखेरपर्यंत घड्याळाला शक्य असलेले सगळे डंजन संगणकाकडून तपासून घेतले. किती भरले? सुमारे २२० कोटी! आणि विक्रमाच्या व्हिडिओतले मजले कुठल्याच एका डंजनमध्ये एकत्र सापडेनात. वेगवेगळ्या खेळांचे तुकडे जोडलेले होते. विक्रम रद्द.

विक्रम जाऊ द्या, २२० कोटी बघा! भारताच्या प्रत्येक माणसाला, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत, एकेक डंजन वाटला तरी पंच्याहत्तर कोटी उरतात. एकेका डंजनकडे नुसता एक सेकंद बघायचं म्हटलं तरी सत्तर वर्षं लागतात.

हे डंजन आता विहिरींनी मोजू. एक मजला दहा फुटांचा धरला, तर सोळा मजले म्हणजे १६० फूट. आपल्याकडच्या संत्र्याच्या बागेतली विहीर चाळीस फुटांची धरा. एका डंजनला चार विहिरी. २२० कोटी डंजनला ८८० कोटी विहिरी! जगातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एक विहीर खणा, वर पन्नास कोटींहून जास्त शिल्लक. आणि या सगळ्या विहिरी एकीखाली एक जोडत गेलो तर? खोली भरते पावणेअकरा कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर. म्हणजे सूर्यापर्यंतची जवळजवळ पाऊण वाट विहिरींनीच झाली!

दमलात? अजून खरा डोंगर आलाच नाही.

'माइनक्राफ्ट'. नावातच खाण! कुदळ घ्या, खणा, कोळसा काढा. जगात तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्यातल्या एका जगाची रुंदी सहा कोटी ठोकळे, लांबी सहा कोटी ठोकळे, आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर. एक बाजू साठ हजार किलोमीटर! क्षेत्रफळ ३६० कोटी चौरस किलोमीटर. आपली पृथ्वी, समुद्रांसकट, अशा सात पृथ्व्या अंथरल्या की एक माइनक्राफ्टचं जग झाकतं. महाराष्ट्र अंथरायचा म्हटलं तर अकरा हजार सातशे महाराष्ट्र लागतील. आणि त्या सगळ्याच्या पोटात गुहा, बोगदे, सोडून दिलेल्या खाणी.

हे झालं एक जग. नवा खेळ सुरू केलात की नवं जग. अशी जगं किती? तर जग ज्या बीजापासून उगवतं ते बीज ६४ बिटांचं असतं. म्हणजे एकाला दोननं चौसष्ट वेळा गुणत जायचं. उत्तर येतं: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

हे वाचायचं कसं? चला, आजोबांची शिडी घेऊ. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. संपली शिडी! सतरा शून्यांवर परार्ध आणि त्यापुढे पायरीच नाही. आणि आपला आकडा? १८४ परार्ध! राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ ला याच सावनेरात देह ठेवला. अतिशयोक्तीत त्यांचा हात धरणारा मराठीत झाला नाही, पण इथे त्यांनीही लेखणी खाली ठेवून आधी पाटी मागितली असती.

हाच आकडा आपण दुसरीकडेही ऐकलाय. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आठवा. शहाण्यानं राजाकडे गहू मागितले: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा हसला आणि फसला. त्या पटावरच्या सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजे माइनक्राफ्टच्या जगांपेक्षा बरोबर एक कमी. एक! कुठे तो लाकडी पट आणि कुठे हा मोबाइल, आणि बेरजेत फरक एका दाण्याचा!

तर मोजा गहू. हजार दाण्यांचं वजन साधारण चाळीस ग्रॅम. एकेका जगाबद्दल एक दाणा ठेवला तर ढीग होतो सुमारे ७४ हजार कोटी टनांचा. भारत सगळा मिळून वर्षाला साडेअकरा कोटी टनांच्या आसपास गहू पिकवतो. म्हणजे सहा हजारांहून जास्त वर्षांचं पीक. हडप्पाच्या शेतकऱ्यांपासून आजपर्यंत दर हंगाम आजच्याइतका भरघोस आला असता आणि एक पोळीही कुणी खाल्ली नसती, तरी पुरं पडलं नसतं.

आता हा गहू मालगाडीत भरू. एका मोठ्या मालगाडीत चार हजार टन. गाड्या लागतील १८ कोटी ४० लाखांच्या वर. एक गाडी साडेसहाशे मीटरची. एकामागे एक उभ्या केल्या तर रांग बारा कोटी किलोमीटरची, म्हणजे मुंबई-पुणे सव्वासहा लाख वेळा! आणि या गाड्या सावनेरवरून सोडायच्या ठरल्या, दर दहा मिनिटांना एक, रात्रंदिवस, तर शेवटचा डबा जाईपर्यंत साडेतीन हजार वर्षं. साडेतीन हजार वर्षं फाटक बंद! अलीकडे उभ्या राहिलेल्या वराची वरात पलीकडे पोचायची कधी?

रुपयांत बघायचंय? एकेका जगाचा एक रुपया लावा. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प सुमारे पन्नास लाख कोटींचा. असे साडेतीन लाखांहून जास्त अर्थसंकल्प मांडावे लागतील. दर वर्षी एक, म्हणजे साडेतीन लाख वर्षं रोज संध्याकाळी टीव्हीवर चर्चा!

वेळेत बघायचंय? एकेका जगात फक्त एक सेकंद डोकवायचं. ५८ हजार ४०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय, शास्त्रज्ञ सांगतात, १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्व जन्मल्यापासून आजपर्यंतचा सगळा काळ बेचाळीस वेळा पुन्हा जगायचा. २०१६ साली 'नो मॅन्स स्काय' या गेमवाल्यांनी जाहिरात केली होती की आमच्याकडे १८४ परार्ध ग्रह आहेत. आकडा तोच, चौसष्टचाच! आणि एवढा पसारा ज्या बीजात बंद आहे, त्या बीजाला जागा किती लागते? आठ अक्षरांची!

वाटलं असेल, झालं, हेच शिखर. नाही!

हे सगळे आकडे मशीनचे झाले. आता खेळणाऱ्याचा आकडा काढू. एक साधा डंजन घ्या, अगदी जुना, एकच नकाशा असलेला, दर वेळी तोच. पहिला फाटा येतो: डावीकडे की उजवीकडे? दोन वाटा. दुसरा फाटा: चार वाटा. तिसरा: आठ. दहा फाटे झाले की १,०२४ वेगवेगळे प्रवास. वीस फाट्यांवर दहा लाखांच्या वर. तीस फाट्यांवर १०७ कोटी. एकतिसाव्या फाट्यावर २१४ कोटी, म्हणजे डायब्लोचे सगळे डंजन जवळजवळ इथेच संपले! चौसष्टाव्या फाट्यावर १८४ परार्ध, माइनक्राफ्टची सगळी जगं संपली. आणि डंजन तर आता कुठे सुरू झालाय! कंटाळवाण्या डंजनमध्ये असे निर्णय शेकड्यांनी असतात. इकडे वळू की तिकडे? लढू की पळू? पेटी उघडू की राहू दे? औषध आता पिऊ की मग?

असे २६६ निर्णय झाले, फक्त २६६, की संभाव्य प्रवासांची संख्या होते एकावर ऐंशी शून्यं. आणि दिसणाऱ्या सगळ्या विश्वात अणू किती आहेत? शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज: एकावर ऐंशी शून्यं! सूर्य, तारे, आकाशगंगा, वाळवंटं, समुद्र, सावनेरचा सगळा कोळसा आणि तो जाळून झालेली राख, प्रत्येक अणूला एकेक प्रवास वाटून टाका. आणि दोनशे सदुसष्टावा फाटा आला की अजून तितकेच प्रवास जन्माला येतात, त्यांना द्यायला विश्वात अणूच नाहीत!

आता कामाला लावू सगळ्यांना. जगातली ८२० कोटी माणसं. त्यांना बसवू विश्वाच्या पहिल्या सेकंदापासून. प्रत्येकानं एका सेकंदात एक अब्ज वेळा डंजन पार करायचा, आजपर्यंत, न थांबता. किती प्रवास झाले? सदतीस आकडी संख्या. हवे होते एक्याऐंशी आकडी! काम झालं किती? शंभरातला एक भाग नाही, कोटीतला एक नाही, परार्धातलाही एक नाही. परार्धाचा परार्धावा भाग घ्या, तो पुन्हा शंभर कोटींनी चिरा, तेवढंसुद्धा झालं नाही!

म्हणून मामा, एक सांगतो. भिंती त्याच असतील, जिने तेच असतील, वटवाघळं तर शंभर टक्के तीच असतील. पण पहिल्यासारखाच डंजन दुसऱ्यांदा खेळलेला माणूस या विश्वात अजून जन्माला यायचाय!